मरियेच्या मौनात नववर्षाचे स्वागत



नाताळच्या आठवड्यातील आजचा रविवार आपण पवित्र कुटुंबाचा सण म्हणून साजरा करीत आहोत. गव्हाणी अजून वेदीजवळ आहे, घराघरांवरचे तारे अजून उतरलेले नाहीत, आणि एवढ्यात दिनदर्शिकेचे शेवटचे पान संपत आले आहे. येत्या काही दिवसांत आपण एकमेकांचा हात हातात घेऊन नववर्षाच्या शुभेच्छा देऊ. त्याआधी थोडे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारू या: नव्या वर्षाचे स्वागत ख्रिस्ती माणसाने कसे करावे?

दोन प्रकार आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. पहिला म्हणजे रात्री बारापर्यंत गाणी, फटाके आणि जेवणावळ. दुसरा म्हणजे संकल्पांची यादी: पहाटे उठणार, व्यसन सोडणार, रोज जपमाळ म्हणणार. आनंद करण्यात गैर नाही आणि संकल्प करणेही चांगलेच. पण गाणी सकाळपर्यंत विरतात आणि बरेचसे संकल्प संक्रांतीपर्यंतही टिकत नाहीत. मनात जे दुखत असते ते मात्र तसेच राहते. म्हणून ख्रिस्तसभेने या दिवसासाठी जपून ठेवलेल्या तिसऱ्या वाटेचा आज अभ्यास करू. ती वाट मौनाची, मननाची आणि आरोग्यदानाची आहे.

१. या दिवसाचा थोडा इतिहास

१ जानेवारीला वर्ष सुरू करण्याची पद्धत रोमन लोकांची. त्या दिवशी ते मेजवान्या करीत, भेटी वाटीत, मद्यपान करीत. सुरुवातीच्या शतकांतील ख्रिस्ती लोकांना हा गोंधळ मानवत नसे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप संत ऑगस्टिन यांचे १ जानेवारीच्या दिवशीचे एक प्रदीर्घ प्रवचन आजही उपलब्ध आहे. इतर लोक भेटवस्तू वाटतात तेव्हा तुम्ही गरिबाला दान द्या, इतर लोक नशेत असतात तेव्हा तुम्ही उपवास करा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पुढे इ. स. ५६७ मध्ये फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने वर्षारंभीचे दिवस उपवासाने आणि प्रार्थनेने पाळावेत असे ठरविले. म्हणजे आज आपण ज्या दिवशी गोडधोड करतो, तो दिवस एके काळी आपल्या पूर्वजांनी उपाशीपोटी, गुडघ्यांवर घालविला आहे.

आजच्या उपासनाक्रमात हा दिवस नाताळचा आठवा दिवस आहे आणि त्या दिवशी देवमाता पवित्र मरिया हिचा महोत्सव असतो. मरिया ही देवमाता आहे, हे इ. स. ४३१ च्या इफिस येथील विश्वपरिषदेने जाहीर केले. १९६९ साली उपासनेच्या दिनदर्शिकेची फेररचना झाली तेव्हा हा महोत्सव १ जानेवारीला ठेवण्यात आला. त्याआधी एक वर्ष, १ जानेवारी १९६८ रोजी, पोप पॉल सहावे यांनी पहिला जागतिक शांतिदिन पाळला होता. तेव्हापासून दरवर्षी हा दिवस शांतीसाठी प्रार्थना करण्याचाही दिवस झाला आहे.

आणखी एक जुनी रीत सांगण्यासारखी आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी 'ते देऊम' हे उपकारस्तुतीचे गीत आणि पहिल्या दिवशी पवित्र आत्म्याला आवाहन करणारे 'वेनी क्रेआतोर' हे गीत सार्वजनिकरीत्या गाणाऱ्यांसाठी ख्रिस्तसभेने नेहमीच्या अटींवर पूर्ण दंडमोचन ठेवले आहे. त्यातला क्रम लक्षात घ्या. आधी मागे वळून आभार मानायचे, मग पुढच्या वाटेसाठी पवित्र आत्म्याला बोलवायचे. आपण मात्र बहुतेक वेळा मागे न पाहताच पुढे धावतो.

२. शुभवर्तमानातील मरिया

१ जानेवारीच्या मिस्सात दरवर्षी लूक २:१६-२१ हा उतारा वाचला जातो. मेंढपाळ धावत येतात, बाळाला पाहतात, जे ऐकले ते सर्वांना सांगतात. ऐकणारे आश्चर्य करतात. या सगळ्या गडबडीत मरिया एकही शब्द बोलत नाही. संत लूक एवढेच सांगतात की तिने हे सर्व अंतःकरणात जपून ठेवले आणि ती त्यावर मनन करीत राहिली (लूक २:१९).

मनन करणे यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'एकत्र ठेवणे, जुळवून पाहणे' असा होतो. मरियेपुढे जुळवायला काय काय होते? देवदूताने दिलेले वचन, आणि समोर गुरांच्या गोठ्यातील गव्हाण. राजासनाची भाषा, आणि दारोदार फिरूनही न मिळालेली जागा. या दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता. तिने घाईने अर्थ लावला नाही, तक्रार केली नाही आणि नको ते फेकूनही दिले नाही. सारे देवापुढे एकत्र धरून ती थांबली. ख्रिस्ती मनन ते हेच.

आपल्याही सरत्या वर्षात न जुळणाऱ्या गोष्टी असतील. नवस फेडला आणि तरी पीक गेले. मुलीचे लग्न ठरले आणि त्याच महिन्यात वडील गेले. मुलगा शिकला, पण नोकरी नाही. या गोष्टी विसरून नव्या वर्षात जा, असे शुभवर्तमान सांगत नाही. त्या अंतःकरणात घेऊन देवापुढे बस, असे ते सांगते.

त्याच दिवशीचे पहिले वाचन गणना ६:२२-२७ हे असते. त्यात परमेश्वर आपल्या लोकांना आशीर्वाद कसा द्यायचा हे मोशेमार्फत अहरोनाला शिकवतो: देव तुमचे रक्षण करो, तुमच्याकडे प्रसन्न मुखाने पाहो, तुम्हाला शांती देवो, असा त्याचा भाव आहे. शुभवर्तमानाच्या शेवटी आठव्या दिवशी बाळाचे नाव 'येशू' ठेवले जाते. वर्षाच्या पहिल्या दिवशी ख्रिस्तसभा आपल्या हातात या तीन गोष्टी देते: आशीर्वाद, मौन आणि येशूचे नाव.

३. मौनात बसण्याची रीत

मौन म्हटले की काहींना वाटते, हे आपले काम नव्हे, हे मठातल्या संन्याशांचे. काहींना शंका येते की ध्यान हे आपल्या धर्मातले आहे का? दोन्ही गोष्टींचा उलगडा करू.

आपल्या महाराष्ट्रातच याचे एक ठळक उदाहरण आहे. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात आणि पुढे लोणावळ्याच्या साधना संस्थेत हजारो धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिकांना शांत बसून प्रार्थना करायला शिकविले. त्यांचे 'साधना' हे पुस्तक १९७८ मध्ये निघाले आणि जगभर गेले. श्वासाकडे लक्ष देणे, कानावर येणारे आवाज ऐकणे, शरीर शांत करणे आणि मग प्रभूशी बोलणे, असे त्यातले साधे पाठ आहेत. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९९८ मध्ये रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने त्यांच्या लिखाणाविषयी सूचना काढली. सुरुवातीचे लिखाण ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहिले आहे, पण नंतरच्या लिखाणातील काही मते श्रद्धेशी जुळत नाहीत, असे तिचे म्हणणे होते.

याच मंडळाने त्याआधी, १९८९ मध्ये, ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना एक पत्र लिहिले होते. त्यातला समतोल आपल्याला उपयोगी आहे. बसण्याची पद्धत, श्वास, शांतता यांची प्रार्थनेला मदत होऊ शकते, हे पत्र मान्य करते. पण शरीराला वाटणारे हलकेपण म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, असे समजू नये, असे बजावते. ख्रिस्ती प्रार्थना ही भेट आहे. समोर कोणीतरी आहे, तो आपल्याला नावाने ओळखतो, आणि आपण त्याच्याजवळ बसलो आहोत. श्वास हा नुसता उंबरठा आहे. घर पुढे आहे.

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी अर्धा तास काढून घरातल्या सर्वांनी हे करून पाहावे:

(१) मोबाइल आणि टीव्ही बंद करावा. गव्हाणीसमोर किंवा क्रुसासमोर एक मेणबत्ती लावावी. चटईवर किंवा खुर्चीवर, जमेल तसे, पाठ सरळ ठेवून बसावे. पाच मिनिटे श्वासाबरोबर मनातल्या मनात 'येशू' हे नाव घ्यावे. श्वास रोखून धरू नये, तो नेहमीसारखा चालू द्यावा. मन भरकटले तर स्वतःवर रागावू नये, हळूच पुन्हा नावाकडे यावे.

(२) मग वर्ष आठवावे. संत इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत शिकविली, तीच आज वर्षासाठी वापरायची. आपण शेतीच्या जिल्ह्यात राहतो, म्हणून महिने मोजण्यापेक्षा कामे आठवावीत: उन्हाळवाही, पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी. नोकरदारांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापला क्रम घ्यावा. प्रत्येक टप्प्यावर एक तरी गोष्ट अशी शोधावी की जिच्यासाठी देवाचे आभार मानता येतील. लहान गोष्टही चालेल. शेजाऱ्याने उसनी दिलेली बैलजोडी चालेल.

(३) आता जे दुखले तेही पाहावे. सगळे नको, एकच घ्यावे. ते प्रभूला दाखवावे आणि त्याच्यापुढे दोन मिनिटे गप्प राहावे. सल्ला मागू नये, कारणही विचारू नये.

(४) आपण कोणाला दुखावले ते आठवावे आणि क्षमा मागावी. घरातलीच व्यक्ती असेल तर तिथेच मागावी.

(५) शेवटी नव्या वर्षासाठी एकच लहानशी गोष्ट प्रभूच्या हाती द्यावी. मग घरातील वडीलधाऱ्यांनी प्रत्येकाच्या मस्तकावर हात ठेवून, कपाळावर क्रुसाची खूण करून गणना ६ मधला आशीर्वाद मोठ्याने वाचावा. घरात एकटे राहणाऱ्या कोणाला त्या संध्याकाळी आपल्याकडे बोलावता आले, तर फारच चांगले.

४. मनातली फरदड

चौथ्या पायरीवर बरेच जण अडतात. यासाठी आपल्या शेतातलेच उदाहरण घेऊ. कापसाच्या वेचण्या डिसेंबरपर्यंत होतात. पण आणखी चार बोंडे मिळतील या आशेने आपण पऱ्हाटी तशीच उभी ठेवतो, पाणी देतो आणि फरदड घेतो. कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगत आहे की फरदड घेऊ नका, कारण त्या उभ्या पिकावर गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते आणि पुढच्या हंगामात तीच अळी नव्या पिकावर येते. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने काय केले ते आपण विसरलेलो नाही.

जुना राग हीसुद्धा फरदडच आहे. धुऱ्याचा वाद, वाटणीचा वाद, लग्नात झालेला अपमान. हंगाम संपला तरी आपण ते उभे ठेवतो, त्याला पाणी घालतो. नवे वर्ष आले तरी अळी जुनीच राहते. पापस्वीकार संस्कार म्हणजे शेत मोकळे करणे होय. नाताळच्या आधी ज्यांना पापस्वीकार करता आला नाही त्यांनी वर्षाच्या आरंभी जरूर करावा. समोरच्याने क्षमा मागितली नाही तरी आपल्या बाजूची पऱ्हाटी उपटून टाकायला कोणाची हरकत नाही.

५. आरोग्यदान: देव कसे बरे करतो

नव्या वर्षात आरोग्य लाभावे ही प्रत्येकाची प्रार्थना असते. येथे एलियाची गोष्ट आठवू (१ राजे १९). एवढा मोठा संदेष्टा, पण थकून, घाबरून रानात गेला. एका झुडपाखाली बसला आणि आता पुरे, मला मरण दे, असे देवाला म्हणाला. देवाने त्याला प्रवचन दिले नाही, रागावलाही नाही. आधी त्याला झोपू दिले. देवदूताने त्याला स्पर्श केला, गरम भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला. देवदूताने त्याला पुन्हा खाऊ घातले. त्यानंतर तो होरेब डोंगरापर्यंत चालला, आणि तेथे वारा, भूकंप, अग्नी यांनंतर आलेल्या मंद, शांत स्वरात त्याला देवाची चाहूल लागली. एलियाला वाटत होते की मी एकटाच उरलो आहे. देवाने त्याला सांगितले की सात हजार लोक अजून शिल्लक आहेत.

या गोष्टीत आरोग्यदानाचा सगळा क्रम आहे: विश्रांती, अन्न, स्पर्श, मौन, आणि 'तू एकटा नाहीस' हे सांगणे. यातली एकही पायरी गाळता येत नाही. म्हणून प्रार्थना करा आणि औषधही घ्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या बंद करायला कोणी प्रार्थनेच्या नावाखाली सांगत असेल तर ऐकू नका. आरोग्यदानाच्या प्रार्थनांविषयी रोमने २००० साली दिलेल्या सूचनेतही अशा सभांत उन्माद आणि दिखाऊपणा नको, असे स्पष्ट म्हटले आहे. वैद्य आणि औषध हीही देवाचीच देणगी आहे.

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाविषयीचा एक गैरसमजही या वर्षी सोडून देऊ. हा संस्कार मरणाच्या दारातल्या माणसापुरताच आहे असे समजून आपण फादरांना फार उशिरा बोलावतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्पष्ट केले आहे की तो केवळ शेवटच्या क्षणासाठी नाही. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, वार्धक्याने आलेली दुर्बलता असेल तेव्हा तो घ्यावा (याकोब ५:१४-१५). आपल्या घरात असे कोणी असेल तर आजच मिस्सानंतर फादरांना सांगा.

६. मौन आणि मुकेपणा

आता या धड्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग. मौनाचे एवढे गुणगान केल्यावर सांगितलेच पाहिजे की सगळे गप्प राहणे म्हणजे मौन नव्हे.

आपला यवतमाळ जिल्हा देशभर कशामुळे ओळखला गेला, ते आपण जाणतो. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यात आपला जिल्हा होता. अनेक योजना आल्या, पण दुःख संपले नाही. ज्या घरात आत्महत्येने मृत्यू झाला त्या घरी आपण सांत्वनाला जातो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येते: "ते काही बोललेच नाहीत." शेजारी म्हणतात, कळले असते तर धावलो असतो. आणि आपण, जे रविवारी त्याच बाकावर बसतो, मनात म्हणतो की आपणही कधी विचारले नाही. ही आपल्या सर्वांची चूक आहे आणि ती वर्ष सरता सरता आपण कबूल केली पाहिजे.

कर्जाचा, भावाचा, पाण्याचा प्रश्न नुसत्या ध्यानाने सुटणार नाही. त्यासाठी न्याय लागतो, एकजूट लागते. पण ओझे एकट्याने वाहण्याची सक्ती कोणावर नाही, हे तरी आपण एकमेकांना सांगू शकतो. मरियेकडे पुन्हा पाहा. मनात साठवून ठेवणारी हीच मरिया, देवदूताचा निरोप मिळताच डोंगराळ प्रदेशात एलिशिबेकडे त्वरेने गेली होती (लूक १:३९-५६). जे कोणालाच सांगता येत नव्हते, ते तिच्या घरी बोलले गेले आणि त्यातून स्तुतिगीत निघाले. खरे मौन माणसाला देवाजवळ नेते आणि तेथून माणसांकडे परत आणते. मुकेपणा माणसाला आतल्या आत कोंडतो. घरात कोणी जेवण टाकले, झोप उडाली, बोलणे तुटले, निरवानिरवीची भाषा सुरू झाली, तर त्याला मौन समजू नका. जवळ बसा, सरळ विचारा, ऐकून घ्या, त्याला एकटे सोडू नका. तुमच्या स्वतःच्या मनात असे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा. फादर आहेत, सिस्टर आहेत, सरकारी रुग्णालयात मनाचे डॉक्टर आहेत. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तेथे फोन करणे हा श्रद्धेचा कमीपणा नाही.

ज्या घरांनी असे मरण सोसले आहे त्यांनाही एक शब्द सांगायचा आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २२८२-२२८३) म्हटले आहे की तीव्र मानसिक त्रास, भय आणि यातना यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, तिच्या तारणाविषयी आशा सोडू नये, आणि ख्रिस्तसभा तिच्यासाठी प्रार्थना करते. म्हणून ३१ डिसेंबरला वर्ष आठवताना त्या आपल्या माणसांची नावे घ्या. लाजू नका. त्यांच्यासाठी मिस्सा सांगा. त्यांची पत्नी, मुले, आईवडील आपल्यामध्ये बसले आहेत. नववर्षाची पहिली भेट त्यांच्या घरी द्यावी, यासारखे दुसरे स्वागत नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. सरत्या वर्षातील कोणत्या दोन गोष्टींचा मेळ मला अजून लागलेला नाही? त्या मी देवापुढे एकत्र ठेवल्या आहेत का?

२. माझ्या मनात कोणती फरदड उभी आहे?

३. गेल्या काही महिन्यांत आपल्या बाकावरची, वाडीतली कोणती व्यक्ती गप्प झाली आहे? तिच्याकडे मी कधी जाणार?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्या मातेने तुला हातांत घेतले आणि जे कळले नाही तेही अंतःकरणात जपले. सरलेले वर्ष आम्ही तुझ्यापुढे ठेवतो. त्यातील पीक तुझे, नुकसानही तुझ्यापुढे उघडे. आमच्या आजाऱ्यांना स्पर्श कर, थकलेल्यांना विसावा दे, जे गेले त्यांना तुझ्या शांतीत घे. आम्हाला तुझ्याजवळ शांत बसायला आणि एकमेकांशी मोकळे बोलायला शिकव. देवमाते मरिये, आमच्या कुटुंबांसाठी विनंती कर. आमेन.

सर्वांना देवमातेच्या महोत्सवाच्या आणि नववर्षाच्या प्रेमळ शुभेच्छा!